नोंद आजोळी होती

आईच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जून १९५५ आहे. अण्णांची पण १ जून, साल १९४९. मोठे काका १ जून, धाकटी आत्या १ जून, शेजारच्या नानी १ जून. गावाकडच्या कुणालाही हे समजावून सांगायला लागत नाही, त्या दिवशी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर शुभेच्छाच चालू असतात. शाळेत पोराला घालायला नेलं की मास्तर विचारणार जन्म कधीचा, बाप म्हणणार सुगीत झालं बघा, किंवा धाकट्या भावाच्या लग्नाच्या आदल्या साली, मग मास्तर पोराला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगणार, हात पुरला की सहा पूर्ण, आणि शाळा जूनमध्ये भरते म्हणून सहा वर्षं मागे जाऊन १ जून. अण्णा स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, त्यांनी अशा कितीतरी तारखा आपल्या हाताने रजिस्टरात घातल्या होत्या. म्हणायचे, "अगं आई-बापालाच माहीत नाही तर मी कुठून आणू, पण पोरगं शाळेत तरी बसलं ना."

आई मात्र कायम म्हणायची की मी जूनची नाही. का नाही, ते तिला सांगता यायचं नाही. तिच्या आईने तिला एवढंच सांगितलेलं की तू झालीस तेव्हा तुझे तात्या, म्हणजे आईचे वडील, वारीला गेले होते. वारी म्हटल्यावर आम्ही सगळे आषाढीच धरायचो, आषाढी म्हणजे जून-जुलै, मग १ जून फार काही चुकलेलं नाही, असं म्हणून विषय संपायचा.

हे सगळं उकरायची वेळ आली ती अण्णा गेल्यावर.

२०२३ च्या डिसेंबरात अण्णा पुण्यात एका हॉस्पिटलमध्ये गेले. राहायचे गावी, रेशनकार्ड गावचं, मतदान गावचं, अंत्यविधी पण गावीच झाला, त्यामुळे तेरावं झाल्यावर भाऊ मृत्यूचा दाखला काढायला ग्रामपंचायतीतच गेला. ग्रामसेवकांनी त्याला बसवून घेतलं, चहा पाजला आणि सांगितलं की दादा, ही नोंद आमच्याकडे होणारच नाही. जन्म असो की मृत्यू, जिथे घडला तिथेच नोंद होते, माणूस राहायला कुठे होता त्याचा संबंध नाही. पुण्यात गेले म्हणजे पुण्याच्या महापालिकेत. हॉस्पिटलच माहिती पाठवतं, घरच्यांनी फक्त नाव-पत्ता नीट लिहिलाय ना ते बघायचं असतं.

आणि नेमकं तेच आम्ही बघितलं नव्हतं. ॲडमिट करताना रात्रीचे दोन वाजलेले, भावाने काउंटरवर तोंडी नाव सांगितलं, समोरच्याने आजोबांच्या नावातलं एक अक्षर चुकवून टाइप केलं, आणि तेच अक्षर केसपेपरवरून फॉर्मवर, फॉर्मवरून नोंदीत आणि नोंदीवरून दाखल्यावर आलं. एक काना. त्या एका कान्यासाठी सेवापुस्तकाची झेरॉक्स, आधार, प्रतिज्ञापत्र, हॉस्पिटलचं पत्र, आणि मी तीन वेळा पुण्याला. (हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, माणसं वाईट नव्हती, पण कुणीतरी एकदा मोठ्याने वाचून दाखवलं असतं तर हे झालंच नसतं. तुमच्यावर अशी वेळ आली तर कितीही रडू येत असू दे, तो फॉर्म एकदा वाचा.)

पण त्या दुरुस्तीच्या निमित्ताने मला एक गोष्ट कळली जी मनात घर करून बसली. १९६९ चा जो जन्म आणि मृत्यू नोंदणीचा कायदा आहे, आपल्याकडे १९७० पासून लागू झालेला, त्याच्या १५ व्या कलमात दुरुस्तीची तरतूद आहे, आणि दुरुस्ती करताना मूळ नोंद खोडायची नाही असं त्यात स्पष्ट आहे. चुकलेलं तसंच राहू द्यायचं, बाजूला समासात बरोबर काय ते लिहायचं, निबंधकाने सही करायची, तारीख घालायची. म्हणजे चूक पण राहते आणि ती कुणी कधी सुधारली ते पण राहतं. अण्णा वह्या तपासताना असंच करायचे, पोराचं चुकलेलं उत्तर गिरबटायचे नाहीत, बाजूला लाल पेनाने बरोबर लिहायचे. खिडकीतल्या बाईंनी हे सांगितलं तेव्हा मला तिथेच भरून आलं.

तो दाखला हातात आला तेव्हा अजून एक दिसलं, त्यावर मृत्यूचं कारण नसतं. रजिस्टरात असतं, डॉक्टर वेगळ्या फॉर्मवर कारण लिहून देतात, पण लोकांना जी प्रत मिळते त्यात ते द्यायचं नाही असा कायदाच आहे. मला हे फार बरं वाटलं. माणूस कशाने गेला हे दहा ऑफिसांच्या दहा टेबलांवर कशाला वाचायला हवं.

मग पेन्शन. आईला फॅमिली पेन्शन मिळायची तर ती अण्णांची बायको आहे हे दाखवायला लागणार, आणि तिकडे सांगितलं विवाह नोंदणीचा दाखला आणा. आता १९७३ च्या उन्हाळ्यात, म्हणजे तो बहात्तरचा दुष्काळ संपायच्या आत, गावात टँकरने पाणी येत असताना ज्यांचं लग्न झालं त्यांनी कुठला दाखला आणायचा? लग्नाला एकशेवीस माणूस जेवलं ते सगळ्यांना आठवतं, पाणी कुठून आणलं ते आठवतं, आणि कागद म्हणाल तर हळदीचे डाग पडलेली एक पत्रिका. तीही घडीवर फाटलेली. बरं आता उशिरा नोंदवू म्हटलं तर त्या ज्ञापनावर, म्हणजे नोंदणीच्या अर्जावर, नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात, आणि अण्णा नाहीत.

त्यात नावाचा घोळ. आईचं माहेरचं नाव एका नदीचं आहे. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने अण्णांनी जे नाव लिहिलं ते वेगळंच, एका देवीचं. पत्रिकेवर माहेरचं, सेवापुस्तकात सासरचं, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं. आणि ह्या दोन नावांची बाई एकच आहे असं सांगणारा सरकारी कागद एकही नाही. तांदळात लिहिलेल्या नावाची नोंद कुठे होते? ते तांदूळ त्याच रात्री शिजले असतील.

शेवटी सेवापुस्तकातलं नामनिर्देशन, जुनं रेशनकार्ड, दोन प्रतिज्ञापत्रं आणि अण्णांच्या एका जुन्या सहकाऱ्यांनी स्वतः येऊन दिलेली साक्ष ह्यावर चार महिन्यांनी काम झालं. पण त्या चार महिन्यांत आई प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न ऐकत होती, ह्या तुम्हीच का.

इथे थोडं माझं सांगते. माझं सासर गोव्याचं. तिथे पोर्तुगीज काळापासूनची नागरी नोंदणीची पद्धत आहे आणि लग्नाची नोंदणी सक्तीचीच आहे. आधी दोघांनी निबंधकाकडे जाऊन लग्न करायचंय असं जाहीर करून सही करायची, मग साधारण पंधरा दिवस जाऊ द्यायचे, कुणाची हरकत नसली तर परत जाऊन दुसरी सही, आणि ती दुसरी सही झाल्याशिवाय मांडवात सप्तपदी झालेली असली तरी कायद्याने लग्न पुरं होत नाही. मला तेव्हा हे सगळं फार कोरडं वाटलेलं. आता नाही वाटत.

माझ्या सासूबाई आईच्याच वयाच्या, पेडण्याकडच्या. त्यांची जन्माची नोंद पोर्तुगीजमध्ये आहे, ती मी पाहिली आहे, सासऱ्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवली आहे. आपल्यासारखा रकान्यांचा तक्ता नाही, सलग मजकूर आहे, अमुक सालच्या अमुक महिन्याच्या अमुक दिवशी इतक्या वाजता. इतक्या वाजता! मग बापाचं नाव, आईचं नाव, बापाच्या आईवडलांची नावं, आईच्या आईवडलांची नावं. एका बाळाच्या जन्माच्या नोंदीत तीन बायका नावानिशी. आता ती राजवट काही आपली नव्हती आणि तिचे गोडवे गायला मी बसलेली नाही, पण गोव्याच्या सीमेच्या अलीकडे-पलीकडे एकाच सुमारास दोन मुली जन्मल्या, एकीला आपला जन्म कोणत्या तासाला झाला ते माहीत आहे आणि दुसरीला महिनासुद्धा नाही, हे मला टोचायला लागलं. मी ठरवलं की आईची नोंद शोधायची. पेन्शनसाठी नाही, ते झालं होतं. तिच्यासाठी.

१९७० च्या आधीचं शोधायचं तर तहसील कार्यालयाचं रेकॉर्ड. ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात ते, कागदोपत्री गाव नमुना नंबर १४. गावात कुणी जन्मलं, कुणी गेलं की खबर पाटलाकडे जायची, वहीत नोंद व्हायची आणि वह्या तालुक्याला जमा व्हायच्या. कोतवाल हा शब्द तुम्ही अलीकडे बातम्यांत खूप ऐकला असेल, २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली तेव्हा ह्याच वह्या पुन्हा बाहेर निघाल्या, मोडी वाचणाऱ्या माणसांना एकदम भाव आला, नोंदी लाखांनी सापडल्या. त्या मराठा आरक्षणाच्या आंदोलनाबद्दल तुमचं मत काहीही असो, एक फायदा आमच्यासारख्यांना झाला, वर्षानुवर्षं धूळ खात पडलेले गठ्ठे झटकले गेले, गाववार लागले, बरेच स्कॅन झाले.

आईचं माहेर म्हणजे माझं आजोळ, त्या गावाचं १९५३ ते १९५६ चं कोतवाल बुक मिळावं म्हणून मी अर्ज केला, कोर्ट फी स्टॅम्प लावला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, सदर कालावधीत नोंद आढळून येत नाही. आईला वाईट वाटलं पण तिने दाखवलं नाही, म्हणाली, "मुलीची कोण लिहितंय."

मी पण तेच धरून बसले होते. म्हणजे खरंच, तेव्हा मुलगी झाली म्हणून कोण पाटलाकडे जाईल. मग एका रविवारी आईच्या मावशीकडे गेले, वय नव्वदीच्या पुढे, दिसायला कमी झालंय पण डोकं एकदम ठणठणीत. मी सहज म्हटलं की मावशीआजी, आईची नोंद गावात सापडत नाही. तर त्या म्हणाल्या, "गावात कशी सापडेल? ती तिथं झालीच नाही. पहिलं बाळंतपण माहेरी नाही का करत? आमच्याकडं झाली ती. थंडी पडायला लागलेली. मी स्वतः खाटेखाली शेगडी सरकवलीय."

मी तिथेच थांबले. पुण्याच्या महापालिकेतून तीन वेळा हेच ऐकून आलेली मी, जिथे घडलं तिथेच नोंद, आणि आईच्या बाबतीत एकदाही डोक्यात आलं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी! महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या पहिली पोरं आजोळी जन्मली आहेत आणि आपण सगळे त्यांच्या नोंदी बापाच्या गावात शोधतोय. कोण जाणे किती जणांना अनुपलब्धतेचे दाखले घेऊन परत यावं लागलं असेल. माझा चुलत भाऊ अमेरिकेत आहे, त्याच्या ग्रीन कार्डाच्या वेळी काकांनी असाच नोंद नसल्याचा दाखला, शाळेचा दाखला आणि दोन नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं असं सगळं जमवून पाठवलं होतं, चाललं ते, पण तोही काकूच्या माहेरीच जन्मलेला, तिथे कुणी विचारलंच नव्हतं.

आणि मावशीआजींनी दुसरी गाठ पण सोडवली. थंडी पडायला लागलेली म्हणजे तात्यांची ती वारी आषाढी नव्हतीच, कार्तिकी होती.

तो तालुका दुसरा. मी परत अर्ज केला, ह्या वेळी गाव आईच्या आजोळचं आणि साल १९५४, महिने ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि उत्तराची वाट न बघता सरळ जाऊन उभी राहिले. रेकॉर्ड रूमचे दादा रिटायरमेंटला आलेले, शांत माणूस. म्हणाले, "ताई, तुम्ही महिना सांगताय म्हणून बघतो, नाहीतर लोक दहा-दहा वर्षं सांगतात." लोखंडी रॅकवरून एक कापडी रुमाल काढला, गाठ सोडली, आतल्या वह्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या, पण आतली शाई काळीभोर. ते आधी जो रुमाल काढून बसले होते तो आमच्या कामाचा नव्हता, त्याच गावचा पण जुना, १९१८ चा. मी विचारलं हे काय लिहिलंय, मोडी होती. त्यांनी बोट ठेवून वाचून दाखवलं. ऑक्टोबर महिना, मृत्यूचं पान. कारणाच्या रकान्यात ताप. खाली ताप. खाली ताप. मग शब्दसुद्धा लिहिलेला नाही, नुसतं वरीलप्रमाणे म्हणून दोन रेघा, आणि त्या रेघा पान संपेपर्यंत. मानमोडी म्हणतात ती हीच साथ, इन्फ्लुएंझाची, मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या वर माणसं गेली असं मी वाचलं होतं, पण दहा लाख हा आकडा डोळ्यांसमोर येत नाही, त्या दोन रेघा आल्या. लिहिणाऱ्याला ताप हा शब्द लिहायला पण उसंत नसेल. दादांनी पान उलटलं तर पुढच्या पानावर पण तेच, फक्त अक्षर बदललेलं. मी विचारलं नाही आधीचा लिहिणारा कुठे गेला.

मग १९५४. ही वही बाळबोध अक्षरात, निळ्या शाईत, ठसठशीत. नोव्हेंबर. दादांचं बोट खाली सरकत होतं, मी श्वास धरून. ९ तारखेच्या ओळीवर थांबलं. बापाचं नाव, तात्यांचं, पूर्ण. राहणार, आमच्या आजोळच्या गावाचं नाव. जात. पुढच्या रकान्यात, मुलगी. खबर देणाराचं नाव, आजीचा धाकटा भाऊ, म्हणजे आईचा मामा.

मी तिथेच मोबाईलवर पंचांग काढून बघितलं. ९ नोव्हेंबर १९५४, मंगळवार, कार्तिकी पौर्णिमेचा आदला दिवस. तात्या एकादशीला पंढरपुरात असणार आणि पौर्णिमेचा काला झाल्याशिवाय वारकरी माणूस निघत नाही. आजीने सांगितलेलं शब्दन्‌शब्द खरं होतं.

पण दादांनी नक्कल लिहायला घेताना जो प्रश्न विचारला तो बरोबरच होता. "ताई, ह्यात नाव नाही. ही मुलगी म्हणजे तुमच्या आईच कशावरून?" बाळाचं नाव कुठेच नाही, तेव्हा बारशाआधी खबर जायची, आणि नंतर कोण नाव घालायला जातंय. आणि जिच्या पोटी जन्मली तिचं नाव तर रकान्यातच नाही. बाप आहे, मामा आहे, गाव आहे, जात आहे. जी बाळंत झाली ती नाही आणि जी जन्मली ती नाही. दोन बायकांची सगळ्यात मोठी घटना आणि ओळीत दोन पुरुष. आई थोरली, तिच्या पाठची मावशी पाच वर्षांनी झाली, म्हणजे ती आईच, पण हे मला माहीत आहे, कागदाला नाही. पुढेमागे ही नक्कल कुठे लावायची झाली तर परत प्रतिज्ञापत्रच करायला लागेल की ही मुलगी म्हणजे मीच. सत्तरीच्या बाईला.

म्हणून ज्यांच्या घरात लहान बाळ आहे त्यांना हात जोडून सांगते. जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते, हॉस्पिटल देतं ते, पण नाव तेव्हा ठरलेलं नसतं म्हणून रकाना कोरा राहतो आणि आपण विसरतो. वर्षभरात जाऊन नाव घातलं तर फी पण लागत नाही, त्यानंतरही पंधरा वर्षांपर्यंत फी भरून घालता येतं, पण कशाला थांबायचं. आणि नोंदच राहून गेली असेल तर वर्ष उलटू देऊ नका, त्यानंतर ते प्रकरण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर जातं आणि २०२५ पासून आपल्याकडे त्याची तपासणी फार कडक झाली आहे. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना तर शाळा, लायसन्स, मतदार यादी, लग्नाची नोंदणी, सरकारी नोकरी सगळ्याला जन्मदाखलाच पुरावा धरणार आहेत, १ जूनवाले मास्तर आता नाहीत.

आईचं नाव लिहिताना पण तसंच. आईचं आधारवर जे आहे तेच, अक्षरन्‌अक्षर. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहायचा शासनाचा निर्णय झाला तेव्हा आमच्या ग्रुपवर बऱ्याच जणांनी नाकं मुरडली, एवढं लांबलचक नाव कशाला म्हणून. मी त्या दिवशी रेकॉर्ड रूममधून बाहेर आले आणि ग्रुपवर एवढंच लिहिलं की ज्यांना लांब वाटतंय त्यांनी आपापल्या आजीचं माहेरचं नाव लिहून दाखवा. सतरा जणांच्या ग्रुपवर चौघांना आलं.

आणि लग्न झालं असेल आणि नोंदवलं नसेल तर आज उद्या न करता नोंदवून टाका. आपल्याकडे १९९८ चा कायदा आहे, ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत, महापालिकेत कुठेही होतं, नमुना ड भरायचा, तीन साक्षीदार, भटजींची सही, पत्रिका. ९० दिवसांत केलं तर उत्तम, उशीर झाला असला तरी जा, दोघं आहात तोवर जा.

पानाचा फोटो काढायला परवानगी नव्हती, नक्कल फक्त आमच्या नोंदीची मिळणार होती, म्हणून मी दादांना विचारून ते अख्खं पान माझ्या वहीत हाताने उतरवून घेतलं. का ते सांगता येणार नाही, आईची ओळ एकटी नेववेना. त्या महिन्यात गावात सात जन्म होते, चार मुलगे, तीन मुली.

घरी आले तेव्हा आई मेथी निवडत होती. मी नक्कल तिच्या हातात दिली. सातवीपर्यंत शिकलेली आहे ती, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा सातवीत होती, वाचायला तिला कुणी लागत नाही. चष्मा लावून तिने एकेक रकाना वाचला. तात्यांच्या नावावर थांबली, पुढे गेली, आणि मामाच्या नावावर बोट ठेवून बराच वेळ बसली. म्हणाली, "मामानं सांगितलं होय जाऊन. पाटलाचा वाडा ओढ्याच्या पलीकडं होता. मुलगी झाली म्हणून सांगायला ओढा ओलांडून गेला." मामा जाऊन तीस वर्षं झाली.

मग तिने माझी वही मागितली. पान वाचता वाचता ७ नोव्हेंबरच्या ओळीवर बोट ठेवलं, तिथेही मुलगी होती, बापाचं नाव वाचून म्हणाली, "अगं हे तर आजोळच्या शेजारचे सुतारमामा. ही म्हणजे आमची..." आणि नाव घेतलं. सुट्टीत आजोळी गेली की दोघी एकत्र असायच्या, भावल्यांची लग्नं लावायच्या, सुतारमामा लाकडाच्या ढलप्यांच्या भावल्या करून द्यायचे. आता ती इचलकरंजीला मुलाकडे असते, दिवाळीला एखादा फोन होतो. आईने मेथी तशीच ठेवून फोन लावला, स्पीकरवर.

"तुझी आधारला तारीख काय गं?"

"काय असणार, १ जून."

"मग ऐक. तू ७ नोव्हेंबरची. मी नऊची. दोन दिवसांनी मोठी आहेस तू माझ्यापेक्षा. लिहिलेलं आहे, पोरीनं बघितलं."

तिकडून काही वेळ काहीच नाही, मागे टीव्ही चालू होता तो कुणीतरी बंद केल्यासारखा वाटला. मग विचारलं, "माझ्या आईचं नाव आहे का गं त्यात?"

आईने वही माझ्याकडे सरकवली, जणू तिला दिसलं नसेल म्हणून. मी परत बघितलं. मी मान हलवली.

"नाही गं," आई म्हणाली. "माझ्या पण आईचं नाही. तू सांग, मी लिहून घेते. माहेरचं सांग."

तिने नाव सांगितलं. आईने पेन घेतलं, ७ तारखेच्या ओळीसमोर समासात ते लिहिलं, मग खाली ९ तारखेसमोर आजीचं.